पाटी बदलली की देणं बुडतं का? कामगार न्यायालयाचा निवाडा, वसुली आणि 'आमचा संबंध नाही'

चिटणीस

कामगार संघटनेच्या कार्यालयात अर्ज लिहिणं, तारखांना हजर राहणं हे माझं काम. एका प्रकरणावरून मत मांडतोय. ज्यांना पटणार नाही त्यांनी स्पष्ट बोलावं.

भोसरी एमआयडीसीतलं एक प्रेस-शॉप, म्हणजे प्रेसवर पत्र्याचे भाग काढणारा कारखाना. प्रकरण अजून चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. ११ कामगारांना एका सकाळी गेटवरच थांबवलं आणि 'उद्यापासून येऊ नका' असं तोंडी सांगितलं. चौकशी नाही, नोटीस नाही, भरपाई नाही. समेट अधिकाऱ्यांपुढे (मालक-कामगारांत तडजोड घडवणारे सरकारी अधिकारी) मालक एक-दोन तारखांना आला, मग यायचा बंद झाला. कामगार न्यायालयाने निवाडा दिला: सेवासातत्यासह कामावर घ्या, मागील पगार द्या. मालक उच्च न्यायालयात गेला नाही आणि पैसेही दिले नाहीत. रक्कम नक्की करून घ्यायला औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३सी(२) खाली पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. मग वसुली प्रमाणपत्र निघालं. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करा म्हणून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलला गेलं.

जप्तीच्या दिवशी मंडळ अधिकारी, तलाठी आणि आम्ही गेटवर पोचलो, तर पाटी नवी. नवी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, संचालक दोन: जुन्या मालकाची सून आणि मेहुणा. आत तीच शेड, तोच सुपरवायझर, त्याच गिऱ्हाइकांचं काम. मेहुणे म्हणाले, 'ती फर्म कधीच बंद झाली. आम्ही शेड भाड्याने घेतलीय, मशिनं आमची. त्या कामगारांशी आमचा संबंध नाही.' भाडेकरार दाखवला. तो समेटाची नोटीस निघाल्यानंतरचा. १०० टनी प्रेसच्या बॉडीवर जुन्या फर्मचं नाव पंचने ठोकलेलं होतं. वरून हिरवा रंग मारलाय, पण बोट फिरवलं की अक्षरं लागतात. आमच्यातल्याच एकाने ती अक्षरं ठोकली होती. पंचनाम्यात 'मशिनांच्या मालकीबाबत हरकत' एवढं लिहून सगळे परत आले.

आता माझं म्हणणं. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यात कलम १७बी होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच नियम आहे. आस्थापना विकली, बक्षीस दिली, भाड्याने दिली किंवा आणखी कोणत्याही मार्गाने हस्तांतरित केली, तर हस्तांतरापर्यंतच्या फंडाच्या थकबाकीला जुना आणि नवा मालक दोघेही जबाबदार. नव्याची जबाबदारी हस्तांतरात त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात ९३ए हे याच धर्तीचं कलम होतं. म्हणजे फंडाचा हप्ता बुडवायला पाटी बदलून चालत नाही. मग न्यायालयाने निवाडा देऊन ठरवलेला पगार बुडवायला पाटी बदलणं का चालावं? पगाराच्या निवाड्यालाही हाच नियम, याच मर्यादेसकट लावा. आणि समेटाची नोटीस निघाल्यानंतर झालेलं हस्तांतर खरं आहे हे नव्या मालकाने सिद्ध करावं, कामगाराने नाही.

लघुउद्योजक

चिटणीससाहेब, तुमच्या प्रकरणात सून आणि मेहुणा आहेत म्हणून तुमची बाजू सरळ दिसते. माझ्या प्रकरणात ना सून होती ना मेहुणा.

मी सातारा एमआयडीसीत मशीनिंगचं काम करतो. आधीच्या मालकाचा धंदा बसला होता. त्याच्याकडून दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशिनं) आणि एक मिलिंग मशीन घेतलं, शेड पाच वर्षांच्या करारावर घेतली. पैसे बँकेतून दिले, जीएसटीचं पक्कं बिल घेतलं. दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली, कुणाची हरकत आली नाही. त्याचे कामगार न्यायालयात गेलेत हे त्याने मला सांगितलं नाही. एक दिवस तहसीलची माणसं आली आणि शेडमधल्या मालाची यादी करायला लागली. त्या यादीत काय होतं? माझ्या गिऱ्हाइकाने जॉबवर्कला पाठवलेलं कास्टिंग, म्हणजे त्याचेच ओतीव भाग! तो माल माझाही नव्हता. चलनांच्या फायली घेऊन मी तहसीलला खेटे घालत होतो, आणि तिकडे गिऱ्हाईक विचारत होतं की आमचा माल अडकला तर लाइन कोण बंद ठेवणार. त्या महिन्यात माझ्याकडच्या १४ जणांचा पगार उशिरा झाला. तेही कामगारच आहेत.

तुम्ही म्हणता सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या मालकावर. मी सिद्ध केलंच. पण सिद्ध होईपर्यंत मशीनला सील असेल तर सिद्ध करून मिळवलं काय? आणि 'मालमत्तेच्या किमतीपुरती' जबाबदारी म्हणजे काय? पूर्ण किंमत मी जुन्या मालकाला मोजलीय. तेवढीच रक्कम पुन्हा कामगारांना मोजायची? एकाच मशीनची किंमत दोनदा?

काळा कोट

पुण्यात कामगार न्यायालयात वकिली करतो, दोन्ही बाजूंची प्रकरणं घेतो. चिटणीसांचं प्रकरण ज्या औद्योगिक विवाद कायद्याखालचं आहे (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली) तो कुठे उभा होता ते आधी सांगतो, म्हणजे भांडण नेमकं होईल.

मालक बदलल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच अनकापल्लीच्या सहकारी सोसायटीच्या खटल्यात हाताळला. आंध्रातल्या एका साखर कंपनीचा कारखाना सोसायटीने विकत घेतला होता आणि जुने कामगार नव्या मालकाकडे नोकरी मागत होते. निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला, आपले साताऱ्याचे. त्यात कसोट्या दिल्या: सगळा धंदा घेतला की काही भाग, घेताना तो चालू होता का, त्याच जागी चालवला का, मध्ये मोठा खंड पडला का, काम तेच किंवा तशाच प्रकारचं आहे का, नावलौकिक विकत घेतला का. कोणतीही एक कसोटी निर्णायक नाही, सगळं मिळून बघायचं. शेवटी मात्र कामगार हरले. विवाद कायद्याचं कलम २५एफएफ असं सांगत होतं की खरं हस्तांतर झालं तर कामगाराला जुन्या मालकाकडून नोटीस आणि भरपाई मिळेल, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. नव्या मालकाकडे नोकरीचा हक्क मिळत नाही.

पण तिथे विक्रीच्या आधीचा निवाडा कुणाच्या हातात नव्हता. त्या कायद्याखालचा निवाडा असेल तर त्याचं कलम १८(३) लागतं. पक्षकार मालक असेल तर निवाडा त्याच्या वारसांवर, उत्तराधिकाऱ्यांवर आणि ज्यांच्या नावे आस्थापना केली त्यांच्यावरही बंधनकारक असतो. म्हणजे चिटणीस ज्याची मागणी करताहेत त्याचं बीज कायद्यात आहे. अडतं ते 'हा उत्तराधिकारी आहे' हे कुठे आणि कुणी ठरवायचं यावर. ३३सी(२) मध्ये गेलात तर समोरचा सर्वोच्च न्यायालयाचा गणेश राझक निकाल काढतो: इथे फक्त आधी ठरलेल्या हक्काचा हिशेब होतो, हक्काचा वाद इथे नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्याखाली, निवाडा पाळला नाही ही अनुचित प्रथा म्हणून चौथ्या परिशिष्टाच्या ९ व्या बाबीत तक्रार केलीत, तर तो सिप्ला आणि कल्याणी स्टील्सचे २००१ चे निकाल काढतो: मालक-कामगार नातंच वादात असेल तर तक्रार चालत नाही. ते निकाल कंत्राटी कामगारांच्या खटल्यांतले आहेत, पण नव्या कंपनीचा वकील ते वापरणारच, मीही वापरले असते. आणि तहसीलदार म्हणतो मी मालकी ठरवणारं न्यायालय नाही. तीन दारं, तिन्हीकडून पुढे जा.

निवृत्त मंडळ अधिकारी

वकीलसाहेबांनी शेवटी सांगितलं ते आमच्या बाजूने असं दिसतं. प्रमाणपत्रावर एक नाव आणि एक पत्ता असतो. आम्ही पत्त्यावर जातो. नाव जुळलं नाही आणि समोरच्याने भाडेकरार, जीएसटी नोंदणी, बिलं पुढे केली, तर आम्ही काय करणार? चुकीच्या माणसाचा माल उचलला तर उद्या आमच्यावर कारवाई. म्हणून हरकत लिहून घेतो, अहवाल पाठवतो. बऱ्याच फायली 'थकबाकीदाराची मालमत्ता आढळून आली नाही' असा शेरा मारून कामगार कार्यालयाकडे परत जातात. महसुलाची स्वतःची वसुली, गौण खनिज, पंचनामे, निवडणूक यातून कामगारांच्या फायलीला क्रमांक लागतो तोच उशिरा. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण असं चालतं.

चिटणीस, मला एक सांगा. निवाडा कोणत्या नावावर आहे? फर्म म्हणजे प्रोप्रायटरी की भागीदारी? सगळे कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहतात. प्रोप्रायटरी असेल तर फर्म आणि माणूस एकच. त्याचा फ्लॅट, गावाकडची जमीन, गाडी, बँक खातं, सगळं वसुलीला खुलं आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रस्तावाला सातबारा नाही, मिळकत पत्रिका नाही, खाते क्रमांक नाही. नुसता कारखान्याचा पत्ता. तलाठ्याने शोधून काढावं ही अपेक्षा असते. मी नोकरीत असताना एका प्रकरणात कामगारांनी मालकाच्या गावचा सातबारा आणून दिला, इतर हक्कात बोजा चढवला, आणि तो माणूस स्वतः तडजोडीला आला. जमीन विकायची होती त्याला.

चिटणीस

काका, निवाडा भागीदारी फर्मवर आहे. दोन भागीदार, एक वारले. जे हयात आहेत त्यांच्या नावावर आता काही नाही. फ्लॅट सुनेच्या नावावर बक्षीसपत्राने झालाय, तोही प्रकरण चालू असतानाच. त्यामुळे 'गेटवरच का जाता' याचं उत्तर हे की सगळं गेटच्या आतच शिल्लक आहे.

लघुउद्योजक, तुमच्या गिऱ्हाइकाचं कास्टिंग यादीत घेणं चूकच होतं. यावर माझं दुमत नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलीय, की तुम्ही पूर्ण किंमत मोजायलाच हवी होती. फ्लॅट घेताना आपण सोसायटीची थकबाकी बघतो आणि ती किमतीतून वळती करतो. फंडाच्या थकबाकीसाठी कारखाना घेणारा आजही हेच करतो, कारण तो नियम डोक्यावर आहे. मग पगाराच्या थकबाकीसाठी का करत नाही? तिथे डोक्यावर काही नाही म्हणून. नियम आला की सल्लागार विचारायला लागतील, विकणाऱ्याला लेखी सांगावं लागेल, थोडी रक्कम मागे ठेवली जाईल. भुर्दंड तुमच्यावर पडावा असं मला वाटत नाही. विकणारा पैसे घेऊन निघून जातो, तो जाण्याआधी कुणीतरी त्याला अडवलं पाहिजे, आणि त्या वेळी त्याचे पैसे फक्त घेणाऱ्याच्या हातात असतात.

बँकेतला

एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. तुम्ही दोघे मशीन कुणाचं यावर भांडताय, बहुतेक वेळा ते आमच्याकडे तारण असतं. सरफेसी कायद्याचं (बँकांना तारणातून वसुली करू देणारा कायदा) कलम २६ई जानेवारी २०२० पासून लागू आहे. तारणाची केंद्रीय नोंदणी झाली असेल तर आमचं येणं इतर देण्यांच्या आणि सरकारी करांच्याही आधी. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात विक्रीकर खात्याविरुद्ध हेच म्हटलं.

मला चिटणीसांचा नियम धोक्याचा वाटतो तो असा. नवा उद्योजक जुनं युनिट घ्यायला कर्ज मागतो. आम्ही शोध अहवाल काढतो, तारणाची नोंद बघतो, जमिनीचे कागद बघतो. कामगारांचा दावा यातल्या कोणत्याही कागदावर दिसत नाही. जे दिसतच नाही त्याची जबाबदारी नव्या मालकावर आली तर त्याला कर्ज द्यायचं कोणत्या हिशेबाने? परिणाम असा होईल की बंद युनिट कुणी घेणार नाही. शेड गंजत पडेल, भंगारवाला येईल. कामगारांना तेव्हाही काही मिळणार नाही, आणि नव्या १४ जणांची नोकरीही होणार नाही.

पॅकिंगवाली

मी चाकणला एका पॅकेजिंग युनिटमध्ये आठ वर्षं होते. सगळे नोंदणीचं बोलताय, मी त्याआधीचं सांगते. आम्ही अर्ज करायला गेलो तेव्हा अधिकारी म्हणाले मालकाचं नाव लिहा. आम्हाला माहीतच नव्हतं! पगार कधी एका नावाच्या पाकिटातून, कधी दुसऱ्या. नेमणूकपत्र कुणाला नाही. गेटवरची पाटी तिसरीच. शेवटी एका बाईकडे जुनं ईएसआयचं कार्ड निघालं, त्यावरच्या कोडवरून नाव कळलं. अर्ज त्या नावाने केला. आता ते म्हणतात ती कंपनी निराळी, तुम्ही काम करत होता ती जागा निराळ्या कंपनीची. नंतर पाटी बदलायची गरजच नाही, आधीपासूनच तीन पाट्या तयार असतात.

बँकेतल्या दादांना विचारते. तुमचं तारण कागदावर दिसतं कारण तुम्ही कर्ज देताना नोंदवलं. आम्ही एक महिना काम आधी करतो आणि पगार नंतर मिळतो. म्हणजे महिनाभर आमचंच मालकाकडे उधार असतं. ते कुठे नोंदवायचं?

काळा कोट

ताई, तुमच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर असं की कंपनी अवसायनात गेली, म्हणजे रीतसर मोडीत काढली, तरच तुमच्या उधारीला जागा मिळते. १९८५ मध्ये जुन्या कंपनी कायद्यात ५२९ए कलम घालून कामगारांचं देणं तारणधारकांच्या बरोबरीला आणलं. दिवाळखोरी संहितेत कलम ५३ खाली अवसायनाच्या आधीच्या २४ महिन्यांचं देणं तारणधारकांच्या पंगतीत आहे. फंड आणि ग्रॅच्युइटीच्या निधीला तर कलम ३६ ने बाजूलाच काढून ठेवलंय. पण हे अवसायनात. भोसरीतली भागीदारी फर्म अवसायनात जात नाही, ती नुसती गायब होते.

लघुउद्योजकांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. दिवाळखोरी संहितेखाली नव्या मालकाला कोरी पाटी मिळते. मंजूर योजनेत नसलेले दावे संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे मोठी कंपनी रीतसर मार्गाने विकत घेणाऱ्याला पूर्ण संरक्षण, आणि साताऱ्यात दोन सीएनसी घेणाऱ्याला तहसीलच्या चकरा. हे विषम आहेच. तरी कोऱ्या पाटीची किंमत असते. तिथे जाहीर नोटीस निघते, दावे मागवले जातात, त्यांची यादी होते. जेट एअरवेजच्या बाबतीत फंड आणि ग्रॅच्युइटी भरल्याशिवाय सुटका नाही हे जानेवारी २०२३ मध्ये ठरलं, आणि पुढे योजनाच पार पडली नाही म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढायचा आदेश झाला.

बँकेतल्या मित्रांचा नोंदीचा मुद्दा मला पटतो, पण आजचा कायदा ती नोंद करूच देत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मध्ये चालू दाव्यातली मालमत्ता हस्तांतरित केली तर घेणारा निकालाला बांधलेला असतो, आणि मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीने त्यासाठी दाव्याची नोटीस नोंदवावी लागते. मात्र हे स्थावर मालमत्तेचा हक्क थेट वादात असेल तरच. पगाराच्या दाव्याला ते लागू नाही.

लघुउद्योजक

मग हेच करा ना! पगाराच्या दाव्यालाही नोंद लागू करा. कामगार न्यायालयात प्रकरण दाखल झालं की एमआयडीसीच्या भूखंडाच्या फायलीत नोंद. मी भूखंड किंवा शेड घ्यायला गेलो की मला ती दिसली पाहिजे. दिसूनही मी घेतलं तर खुशाल माझ्यावर जबाबदारी टाका, किमतीपुरती. न दिसणारी नको. नाहीतरी भूखंड हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतंच, तिथे एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

निवृत्त मंडळ अधिकारी

याला आधार आहे. मुंबईत बंद कारखान्याच्या जमिनीवर निवासी इमारत उभी करायची तर कामगार आयुक्तांचं ना-हरकत लागतं, कामगारांची देणी भागवली का ते बघून. जमिनीला सोन्याचा भाव आला तिथे हा नियम झाला. भोसरी, अंबड, हिंगणा इथल्या एमआयडीसीतल्या शेडला तो भाव नाही म्हणून तिथे कुणी मागितला नाही.

चिटणीस

लघुउद्योजकांची सूचना मला मान्य आहे, पण तेवढ्याने आमचं प्रकरण सुटत नाही. आमच्याकडे भूखंड हस्तांतरित झालाच नाही. भूखंड अजून जुन्या फर्मच्या नावावर आहे, बँकेचा बोजा त्यावर किमतीहून जास्त. हस्तांतरित झालं ते काम. गिऱ्हाइकांच्या ऑर्डर नव्या नावावर वळवल्या, सुपरवायझर नेले, डाय (प्रेसचे साचे) नेले. त्याची नोंद कोणत्या फायलीत होणार? म्हणून मला नोंदीसोबत गृहीतक पाहिजे. जागा तीच, काम तेच, मालक नात्यातला, आणि तारीख समेटाच्या नोटिशीनंतरची. हे चारही जुळले तर ती जुनीच आस्थापना मानायची. उलट सिद्ध करायचं असेल तर नव्याने करावं. तुमच्यासारखा परका, पक्क्या बिलाने घेणारा माणूस यात सापडतच नाही.

आणि बँकेतल्या साहेबांना, शेड गंजेल म्हणता ते या चार अटींत बसत नाही. इथे शेड गंजत नव्हती, एक दिवसही बंद नव्हती. महावितरणचं बिल आजही जुन्या फर्मच्या नावाने येतंय, ग्राहक क्रमांक तोच. त्यावरचे युनिट बघा. ज्या महिन्यात 'फर्म बंद झाली' त्या महिन्यातही नेहमीएवढीच वीज जळलीय.

काळा कोट

हे बिल तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा आहे, मशीनवरच्या अक्षरांहूनही मोठा. अनकापल्लीतल्या 'खंड पडला का' या कसोटीचं उत्तर महावितरणने छापून दिलंय. बारा-बारा महिन्यांची बिलं काढा, गिऱ्हाइकांची आवक नोंद मागवा.

तहसीलच्या भरवशावर राहू नका. २०१० च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ११ मध्ये (९) आणि (१०) ही पोटकलमं आली. निवाडा दिवाणी न्यायालयाकडे पाठवून हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. तिथे जप्तीला हरकत आली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ५८ खाली न्यायालय पुरावा घेऊन मालकी ठरवतं, आणि तो निर्णय हुकूमनाम्याइतकाच पक्का. मंडळ अधिकाऱ्याला जे करता येत नाही ते तिथे होतं. सुनेला दिलेल्या फ्लॅटसाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ आहे, धनकोंना हुलकावणी द्यायला केलेलं हस्तांतर रद्द करून मागता येतं. वेगळा दावा लागेल, पण बक्षीसपत्रात मोबदला नसतो, त्यामुळे त्यांना ते सांभाळणं अवघड जाईल.

कंपनीचा पडदा बाजूला सारून मागे खरं कोण आहे ते बघायला न्यायालयं कचरतात हे खरं, पण कामगारांच्या बाबतीत सारलेला आहे. भावनगरच्या असोसिएटेड रबरने बोनस कमी दाखवायला शेअर एका नव्या उपकंपनीच्या नावावर केले होते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उपकंपनी बाजूला ठेवून हिशेब केला.

गृहीतकाबद्दल मात्र माझं मत चिटणीसांच्या विरुद्ध आहे. 'नात्यातला' याची व्याख्या केलीत की दुसऱ्या दिवशी संचालक ड्रायव्हर आणि माळी होतील. नात्याची अट काढा, पैशाचा माग ठेवा: किंमत खरंच मोजली का, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात गेली, आणि फिरून परत आली का.

बँकेतला

पैशाचा माग आमच्याकडून मिळू शकतो, न्यायालयाने मागितला तर. दोन्ही खाती एकाच शाखेत असतात, हे मी पाहिलेलं आहे. तरी बोजा असलेल्या मशीनवर आधी आमचा हक्क, हे मी सोडत नाही. आमच्याकडेही ठेवीदारांचाच पैसा आहे.

पॅकिंगवाली

ठेवीदारांत आम्ही पण आहोत दादा. पगार बुडाला तेव्हा आधी तीच ठेव मोडली.

वकीलसाहेब, आम्ही अर्जात एकच नाव लिहिलंय. बाकीच्या दोन पाट्यांची नावं आता घालता येतील का?

काळा कोट

प्रकरण अजून कामगार न्यायालयात चालू असेल तर येतील. आजच पक्षकार वाढवण्याचा अर्ज द्या, निवाड्यानंतर हेच काम दसपट अवघड होतं. ज्या पाकिटांवर दुसरं नाव आहे ती सांभाळून ठेवा, नुसत्या झेरॉक्सवर भागवू नका, अस्सल दाखवायला ठेवा. आणि मशीन हलवायला मनाई मागा. अनुचित प्रथेची तक्रार असेल तर १९७१ च्या कायद्याच्या कलम ३०(२) खाली अंतरिम आदेश मिळतो. भोसरीत तो वेळेवर मागितला गेला असता तर डाय आत राहिल्या असत्या.

लघुउद्योजक

तारखेवर माझा विरोध कायम आहे. समेटाची नोटीस म्हणजे नुसती तक्रार. ती कुणीही करू शकतो. तिच्यावरून धंद्यावर संशयाचा शिक्का बसला तर विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि तक्रार खोटी निघाली तर त्याचं नुकसान कोण भरून देणार? निवाडा झाल्या तारखेपासून धरा. न्यायालयाने शब्द दिला, मग तो मी पाळीन.

चिटणीस

आमच्या फर्मचा भाडेकरार, फ्लॅटचं बक्षीसपत्र आणि नव्या कंपनीची नोंदणी, तिन्ही निवाड्याच्या आधीची आहेत. निवाड्याची तारीख धरली तर आमच्या ११ जणांपैकी एकालाही त्या नियमाचा उपयोग नाही. तक्रार खोटी निघाली तर तक्रारदाराकडून खर्च वसूल करण्याची तरतूद घाला, मी सही करतो. तारीख मात्र नोटिशीचीच. वीजबिलांची प्रत मागायला उद्या महावितरणमध्ये जातोय. आदेश २१ चा अर्ज या महिन्यात दाखल होईल, काय होतं ते इथे लिहीन.